आधी पिनकोड, मग प्रोसेसर

वेंगुर्ल्याजवळच्या गावात बसून लॅपटॉप निवडायचा, तर पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला अर्धाच कामाला येतो. तिथे मशीन बिघडलं की माणूस रिक्षा करतो आणि सर्व्हिस सेंटरला जातो. आमच्याकडे सर्व्हिस सेंटर म्हणजे आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर पत्रादेवी ओलांडून गोवा. २०२५ च्या पावसाळ्यात सुरू झालेली माझी लॅपटॉपखरेदी दिवाळीच्या तोंडावर संपली. त्यात जे जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवतेय. बजेट होतं पस्तीस हजार, त्यावर एक रुपया नाही असं घरात ठरलेलं.

माझी कामं साधी आहेत. कोकम आगळ, आमसुलं, काजूगर विकणाऱ्या काही बचत गटांचे हिशेब मी ठेवते, दोन होमस्टेंची बिलं करते. म्हणजे एक्सेल, मराठीत पत्रं, बँकेची आणि खाद्यपरवान्याची पोर्टलं, मधूनच ऑनलाइन मीटिंग. व्हिडिओ एडिटिंग नाही, गेम नाहीत. पण फिरणं भरपूर. बैठकीसाठी ओरोसला एसटीने, गटांच्या गावांना मिळेल त्या वाहनाने, प्रदर्शन असलं की रेल्वेने मुंबईला.

जुना लॅपटॉप २०१६ चा. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे लाईट गेली की लिहिलेलं गेलं. जूनमध्ये त्याचा डावा बिजागर तुटला आणि स्क्रीन भिंतीला टेकवून काम सुरू झालं. जुलैत स्क्रीनवर सूचना यायला लागली की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबणार. पहिला विचार अर्थातच दुरुस्तीचा. हार्डडिस्क काढून एसएसडी १,९००, बॅटरी २,४००, बिजागर १,५००, असा अंदाज कुडाळच्या मेकॅनिकने दिला. सहा हजारांच्या आसपास. पण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, माझा त्याच्या बराच आधीच्या पिढीचा. बँकेचे पासवर्ड ज्या मशीनवर टाकायचे त्यात सहा हजार घालणं पटेना. तुमचं जुनं मशीन धड असेल तर मात्र घाई करू नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणी होते. तेवढ्या काळात पैसे बाजूला टाकता येतात.

२७ ऑगस्टला गणपती आले आणि त्यांच्याबरोबर चाकरमानी. आरती झाली की ओटीवर माझ्या लॅपटॉपची चर्चा. पुण्याचा भाचा म्हणाला आय-फाइव्ह आणि सोळा जीबीच्या खाली बघूच नको. दीर म्हणाले क्रोमबुक घे, वीस हजारांत काम होईल. त्यांची मुलगी म्हणाली टॅबला कीबोर्ड लाव. सासूबाई वाती वळत ऐकत होत्या, त्या शेवटी बोलल्या: “मॉडेल रवांदे गो. वजन किती तां बघ. पिशवी खांद्याक लावन एसटीत तुकाच चढूचा आसा.”

मग काजूगर मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी जुनी बॅग ठेवली. लॅपटॉप, चार्जर, चार्जरची जाड वायर आणि माउस मिळून २ किलो ९०० ग्रॅम. जाहिरातीत लिहितात ते वजन चार्जरशिवायचं असतं. काही पंधरा इंचीचा चार्जर तर विटेएवढा. त्या दिवशी वहीत पहिली अट लिहिली: चार्जर धरून पावणेदोन किलोच्या आत. याचा अर्थ चौदा इंची. पंधरा इंचीला बाजूला आकड्यांचं वेगळं पॅड मिळतं, हिशेबवाल्यांना ते सोयीचं, मलाही त्याचा मोह होता. पण ते पॅड यूएसबीवर चालणारं सातशे रुपयांत वेगळं मिळतं, आणि घरीच ठेवता येतं.

क्रोमबुकचा विचार मी खरंच केला. मशीन हलकं, बॅटरी चांगली, मुलांच्या अभ्यासाला उत्तम. पण त्याचं बरंचसं काम इंटरनेटच्या भरवशावर, आणि कोकण रेल्वेने जाणाऱ्याला तो भरवसा किती ते माहीत आहे. उक्षी आणि भोके यांच्यामधला एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, बाकीचे निराळे. क्रोमबुकवर ऑफलाइन काम होतं, पण आधी आठवण ठेवून फाइल उतरवून ठेवावी लागते. त्यात आमच्या एका गटाच्या कामाला डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो यूएसबीत खुपसायचा आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर टाकायचं. टॅबही याच कारणाने गळला. तुम्हाला असं काही लागत नसेल तर दिरांचा सल्ला वाईट नाही. फक्त त्या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते आधी पाहा. गूगल प्रत्येक क्रोमबुकची शेवटची तारीख जाहीर करतं आणि दुकानात कधीकधी निम्मं आयुष्य सरलेलं मॉडेल ‘ऑफर’मध्ये असतं.

सप्टेंबरच्या मध्यात प्रदर्शनाच्या कामाला मुंबईला जाणं झालं. पितृपक्ष होता. लॅमिंग्टन रोडला एरवी पाय ठेवायला जागा नसते, पण या पंधरवड्यात नवी वस्तू कोण घेतो? दुकानदार निवांत. शंका विचारून घ्यायला पितृपक्षासारखा काळ नाही, घ्यायचं नसेल तरी जाऊन या. तिथे मी जुने, कंपन्यांनी वापरून परत केलेले लॅपटॉप पाहिले. २०१८ सालचा थिंकपॅड टी४८०, आय-फाइव्ह आठवी पिढी, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, भाव एकवीस हजार. कीबोर्डवर बोटं ठेवल्याबरोबर आवडला. मागची बॅटरी हाताने काढता येते, आत आणखी एक असते, टाइप-सीने चार्ज होतो, रॅमच्या दोन जागा. मजबुतीत पस्तीस हजारांचं कुठलंच नवं मशीन त्याच्या जवळपास येत नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

भाच्याने फोनवरून एक तपासणी सांगितली होती. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘पॉवरसीएफजी’ लिहून एक जागा सोडायची, तिरकी रेघ मारायची आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून एंटर. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता ती पूर्ण चार्ज झाल्यावर किती धरते, हे दोन आकडे असतात. त्या मशीनची आतली बॅटरी २४ वॉट-अवरची होती आणि पंधराच्या आसपास धरत होती. बाहेरची त्याहून बरी. दुकानदाराने न कुरकुरता बघू दिलं, बॅटरी बदलून देतो म्हणाला. वॉरंटी विचारली तर दुकानाची तीन महिने. “काही झालं तर घेऊन या.” घेऊन या म्हणजे वेंगुर्ल्याहून ग्रँट रोडला. मुंबई-ठाण्यात राहत असते तर तिथेच पैसे मोजले असते. तुम्ही तिथे राहत असाल तर माझा पुढचा मजकूर वाचायचीही गरज नाही, तोच घ्या.

परतीच्या वाटेवर ठरवलं की आता मॉडेलं बघायची नाहीत, आधी फोन करायचे. पुढच्या आठवड्यात यादीतल्या कंपन्यांच्या टोल-फ्री नंबरांवर एकच प्रश्न विचारला: माझ्या पिनकोडला इंजिनिअर घरी येतो का? जाहिरातीत सगळीकडे ‘एक वर्ष ऑनसाइट’ लिहिलेलं असतं. एका कंपनीच्या माणसाने पिनकोड टाइप केला आणि सांगितलं की तुमच्याकडे ‘कॅरी-इन’ आहे, म्हणजे मशीन तुम्हीच आणायचं. दुसरीकडे ऑनसाइट होतं, पण सुट्या भागांसह माणूस कोल्हापूरहून येणार, आठवडाभर धरून चाला. तिसरीकडे वीस मिनिटं संगीत ऐकून लाइन तुटली. ‘हो’ म्हणणाऱ्या कंपनीला मी तेच ईमेलवर लिहून मागितलं. दोन ओळींचं उत्तर आलं, तेवढं पुरे. ते प्रिंट काढून बिलाबरोबर ठेवलंय. या फोनांनी माझी यादी अर्ध्यावर आली, आणि हे काम फुकटात झालं.

मधल्या काळात जीएसटीची बातमी आली. २२ सप्टेंबरपासून दर कमी होणार, थांबा, लॅपटॉप स्वस्त होतील, असं जो तो सांगत होता. एसी आणि बत्तीस इंचांपेक्षा मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले हे खरं. लॅपटॉपवर आधीही १८ टक्केच होता आणि नंतरही १८ टक्केच राहिला. कोणी अजूनही त्या आशेवर असेल तर सोडून द्या.

राहिला प्रोसेसर. यावर वाचावं तेवढं कमी, आणि माझ्यासारखीला त्यातलं दहावा हिस्सा लागतं. वीस-बावीस हजारांचे नवे लॅपटॉप तेव्हा बहुतेक इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरचे, चार जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी साठवणीचे होते. विंडोज ११ ची किमान गरजच चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. किमान गरजेवर बेतलेलं मशीन पहिल्या मोठ्या अपडेटलाच जागा नाही म्हणून रडतं, आणि ईएमएमसी बोर्डावर चिकटवलेलं असल्याने बदलताही येत नाही. त्यापेक्षा थोडे थांबून पैसे साठवा. तीस ते पस्तीस हजारांत दोन नावं वारंवार दिसली: इंटेलचा आय-थ्री १२१५यू आणि एएमडीचा रायझन ३ ७३२०यू. इंटेलच्या नावातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे हा बारावीचा. रायझनच्या सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७३२० मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, नाव नवं आणि आतला माल जुन्या घडणीचा. माझ्या कामाला दोन्ही चालले असते. पण ७३२०यू ला रॅम बोर्डावर पक्की बसवलेलीच असते, पुढे वाढवता येत नाही. १२१५यू च्या काही मॉडेलांत आठ जीबी पक्की आणि वर एक मोकळी जागा असते. ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच नावाच्या लॅपटॉपच्या दोन आवृत्त्यांत फरक असतो, म्हणून मॉडेलचा पूर्ण लांबलचक क्रमांक लिहून घ्या.

२३ सप्टेंबरला ऑनलाइन सेल सुरू झाले. मला हवा तसा लॅपटॉप ठरावीक बँकेच्या कार्डावर ३३,४९० ला दिसला. हप्त्यांचंही बघितलं. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यात व्याजाइतकी सूट देतात खरी, पण व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्या माथी येते. रक्कम फार नाही, शे-पाचशेच्या घरात, पण नो-कॉस्ट नाही ते नाहीच. माझी अडचण वेगळी होती. घरपोच आल्यावर डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडून बघायची सोय आमच्या पिनकोडला नव्हती. आणि पत्ता सापडत नाही म्हणून पार्सल तालुक्याच्या गावाहून परत जाण्याचे प्रकार आमच्या वाडीत नवे नाहीत.

म्हणून दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, कुडाळला गेले. झेंडूच्या माळा, पूजा, पेढे, गर्दी. दुकानदार ओळखीचा नव्हता. त्याला ईमेलचं प्रिंट दाखवलं तर हसला. “वैनी, मशीन खंयचाय घेवा, बिघाडला तर कोणाक फोन करतलास ता आधी ठरवा.” मी म्हटलं, त्याचसाठी आलेय.

दुकानात मी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळे स्क्रीन छान दिसतात. मांडलेला नमुना उचलून त्याच्या परवानगीने दाराशी नेला, उन्हाकडे पाठ करून एक्सेलची शीट उघडली. एकाचा रकाना वाचताच येईना. थोडं उभं राहिलं की रंग उलटे, काळ्याचं करडं. तो टीएन जातीचा स्क्रीन. शेजारचा आयपीएस, तो तिरका बघूनही तसाच. दोन्हींच्या खोक्यावर उजेड २५० निट्सच लिहिलेला, म्हणजे नुसत्या आकड्यावर जाऊ नये. १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन अजूनही विकतात, त्यावर एक्सेलच्या ओळी कमी दिसतात. १९२० बाय १०८० मागून घ्या. मग एका बोटाने झाकण उचललं. खालचा भाग टेबलावर राहिला तर बिजागर ठीक, तोही वर आला तर फार कडक. माझ्या जुन्याचं मरण बिजागरातच होतं, म्हणून मी हे तीन-चार वेळा करून पाहिलं आणि दुकानातला पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

मराठी टायपिंगही तिथेच करून बघितलं. विंडोजमध्ये भाषा मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ‘ज्ञ’, ‘ऱ्या’, ‘ॲ’ मी मुद्दाम लिहून पाहते. जुन्या श्रीलिपी फाँटातल्या फाइली ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र रूपांतर करूनच घ्यावं लागेल, नव्या मशीनवर त्या नुसत्या उघडल्या की चिन्हांची जत्रा दिसते.

आणि टाइप-सी. ते भोक असणं वेगळं आणि त्यातून लॅपटॉप चार्ज होणं वेगळं. कित्येक स्वस्त मॉडेलांत ते फक्त पेनड्राइव्हपुरतं असतं आणि चार्जरची पिन गोल असते. मी भाच्याचा ६५ वॉटचा मोबाइल चार्जर मागून नेला होता. एका मॉडेलला लावला, काहीच नाही. दुसऱ्याला लावला, कोपऱ्यातला दिवा पेटला. तिथेच माझं मन बसलं. चार्जर कणकवलीच्या स्टँडवर विसरला तरी कोणाच्या तरी घरी टाइप-सी मिळतोच. प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय आणि मोठ्या आकाराचे दोन यूएसबीही त्यात होते. सहीचा टोकन आणि प्रिंटवाल्याकडे न्यायचा पेनड्राइव्ह, दोघांची सोय झाली.

ते मॉडेल त्याच्याकडे नमुन्यापुरतं होतं. नमुना मी घेत नाही म्हटलं. दोन हजार आगाऊ देऊन पावती घेतली, पावतीवर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहायला लावला. कोल्हापूरहून चार दिवसांत येईल म्हणाला. आलं ११ ऑक्टोबरला. मधे फोन केला की “गाडी सुटली हां वैनी” एवढंच उत्तर. किंमत ३४,८००, बॅग आणि माउस त्यात. ऑनलाइनपेक्षा तेराशे रुपये जास्त, आणि बदल्यात वॉरंटीची तक्रार तो नोंदवणार, मशीन पाठवायची वेळ आली तर तोच पाठवणार, असं ठरलं. बिलाच्या पाठीमागे त्याने तसं लिहून सही केली. कायद्याने त्याला किती किंमत आहे कोण जाणे, पण कुडाळच्या बाजारात सही केलेला माणूस तोंड चुकवत नाही.

खोका माझ्यासमोर कापला. खोक्यावरचा सीरियल नंबर, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही अक्षर अन् अक्षर जुळवले. बिलावर सीरियल नंबर नसेल तर वॉरंटीला भांडण ठेवलेलंच. सुमारे ५,३०० रुपये जीएसटीचे त्याच बिलात होते.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच दोन गोष्टी समोर आल्या. विंडोज ११ होम सुरू करायला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. आमच्या घरी त्या दिवशी वायरचं नेट बंद, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. अपडेटनी दिवसाचा सगळा डेटा जेवणाआधी गिळला. हॉटस्पॉट जोडल्यावर वायफायच्या सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, मग तो मोठे अपडेट आपणहून ओढत नाही. दुसरं म्हणजे खातं जोडल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर ते चांगलंच. पण त्याची रिकव्हरी की तुमच्या खात्यात साठवलेली असते, ती उघडून कागदावर उतरवून ठेवा. उद्या मशीनने ती मागितली आणि खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर फाइली गेल्याच.

तिसरी गोष्ट आठवड्याने लक्षात आली. चार्जिंगला लावून धातूच्या झाकणावर मनगट टेकवलं की झिणझिण्या. मशीन खराब म्हणून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, अनवाणी बसता का? चप्पल घालून बघा. चप्पल घातल्यावर झिणझिण्या बंद. म्हणजे दोष घरच्या अर्थिंगचा. चार्जरला तीन पिना होत्या, पण आमच्या भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. वायरमनने परसात खड्डा मारून पट्टी घातली, मीठ-कोळसा भरला, वायर आत आणली. दीड हजार गेले. जांभा कातळ पावसाळा संपला की कोरडा पडतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगितलंय. लॅपटॉपच्या खर्चात हे कोणी धरत नाही, पण जुन्या घरात राहणाऱ्यांनी धरावं. ऑक्टोबरातल्या विजांच्या कडकडाटात तर चार्जर आणि नेटची वायर दोन्ही भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

भाऊबीज झाल्यावर मांडवी एक्सप्रेसने मुंबईला गेले. कुडाळला गाडी हलली तेव्हा उघडला. उजेड निम्म्यावर, वायफाय बंद, एक्सेल आणि एक वर्ड फाइल. चिपळूण मागे पडलं तेव्हा वीस टक्के शिल्लक होती. बॅटरी ४७ वॉट-अवरची आहे आणि अशा कामात मशीन तासाला सात-आठ वॉट-अवर खातं, भागाकार तुम्हीच करा. दुकानात ‘दहा तास’ म्हणतात तेव्हा हाच भागाकार त्यांच्यासमोर करावा. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर विसंबू नका. दिवसा तिथे पाच मोबाइल लटकलेले असतात, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच ते बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे. बॅग काट्यावर ठेवली होती: १ किलो ७२० ग्रॅम. परतताना एसी डब्यातून पहाटे कुडाळच्या फलाटावर उतरलं की लॅपटॉप लगेच उघडायचा नाही. थंड मशीनवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं, माझ्या चष्म्यावर धरतं तसंच. अर्धा-पाऊण तास बॅगेतच राहू द्या.

वॉरंटीची एक कटकट उरली होती. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी जुलैपासून सुरू झालेली दाखवत होती, म्हणजे मशीन कारखान्यातून निघाल्यापासून. तीन महिने फुकट गेले असते. तिथेच खरेदीची तारीख दुरुस्त करायचा अर्ज असतो. बिलाचा फोटो जोडला, तर बिल स्पष्ट नाही म्हणून परत आला. मग स्कॅन करून पीडीएफ पाठवली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख ११ ऑक्टोबर झाली. नवा लॅपटॉप घेतलेल्या प्रत्येकाने हे आजच तपासावं. बिल हाताशी असतं तोवरच ते सोपं.

रॅमची मोकळी जागा अजून मोकळीच आहे. सप्टेंबरात आठ जीबीच्या पट्टीला दुकानदार २,३०० म्हणाला होता, डिसेंबरात विचारलं तर दुपटीच्या वर. सगळीकडेच रॅम महागली आहे म्हणे. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, एक्सेल आणि मीटिंग एवढं आठ जीबीत चालतं. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायची झाली तर टॅब बंद करते. आगाऊ वाढीव वॉरंटी घेतलेली नाही. कंपनी ती पहिलं वर्ष संपायच्या आत घेऊ देते, दोन वर्षांचे साधारण तीन हजार. आमच्या पिनकोडला तीही ऑनसाइटच असेल का, हे विचारणारं ईमेल टाकलंय.